अर्धी-अर्धी कौशल्यं की एकाच धंद्यात मास्टर? अल्टिमा ऑनलाइनच्या टेम्प्लेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उदाहरणासाठी अल्टिमा ऑनलाइनच का?

कारण हा प्रश्न या खेळात सगळ्यात उघडावाघडा दिसतो. ओरिजिन सिस्टिम्सने सप्टेंबर १९९७ मध्ये आणलेला हा हजारोंनी एकत्र खेळायचा ऑनलाइन गेम अजून चालू आहे, आणि त्यात 'क्लास' नावाची गोष्टच नाही. योद्धा, जादूगार, लोहार, चोर असे शिक्के सुरुवातीला कोणी मारत नाही. पात्राकडे गुणांची एक थैली असते आणि ती कशी वाटायची हे खेळणारा ठरवतो. या वाटणीलाच टेम्प्लेट म्हणतात. म्हणून इथे 'थोडं थोडं सगळं' आणि 'एकच पण पक्कं' या दोन्ही वाटा खऱ्या अर्थाने मोकळ्या आहेत, आणि दोन्हींची किंमत आकड्यांत मोजता येते. बाकीच्या गेमबद्दल शेवटी लिहिलं आहे.

७०० गुणांचा हिशोब नेमका कसा आहे?

प्रत्येक कौशल्य ० ते १०० पर्यंत जातं, तेही ०.१ च्या पायऱ्यांनी. १०० झालं की ग्रँडमास्टर, म्हणजे सगळे म्हणतात तो जीएम. सर्व कौशल्यांची मिळून मर्यादा ७००. खातं जुनं होत गेलं की ती ७२० पर्यंत सरकते. म्हणजे साधा हिशोब: सात कौशल्यं जीएम, किंवा चौदा कौशल्यं पन्नास-पन्नास. दुसरा पर्याय कागदावर फार मोहक दिसतो.

पुढे पॉवर स्क्रोल आले. ते वापरले की एखाद्या कौशल्याची वैयक्तिक मर्यादा १०५, ११०, ११५ किंवा १२० होते. एकूण मर्यादा मात्र वाढत नाही. त्यामुळे १२० वर नेलेली सहा कौशल्यंच ७२० खाऊन टाकतात. स्क्रोल आल्यापासून वाटणी सोपी झाली नाही, उलट अवघड झाली.

मग कुठलं कौशल्य पूर्ण न्यायचं आणि कुठलं मध्येच सोडायचं? काही नियम आहे का?

आहे, आणि या पानावरचा सगळ्यात कामाचा भाग तोच आहे. एकच प्रश्न विचारा: हे कौशल्य वापरताना माझा आकडा समोरच्याच्या आकड्याशी ताडला जातो, की फक्त एका ठरावीक पायरीशी?

समोरच्याशी ताडला जात असेल (तलवार, कुस्ती, भाला, धनुष्य), तर अर्धवट ठेवणं म्हणजे हरण्याची तयारी. ठरावीक पायरीशी ताडला जात असेल (रिकॉल या प्रवासाच्या मंत्रासाठी जादू, विष उतरवण्यासाठी मलमपट्टी, सेक्रेड जर्नी या प्रवासाच्याच मंत्रासाठी शिव्हलरी म्हणजे धर्मयोद्ध्याची विद्या), तर ती पायरी ओलांडली की त्यापुढचे गुण बऱ्याचदा वाया जातात.

तिसरा गट या दोन्हींच्या मध्ये आहे. टॅक्टिक्स, अ‍ॅनाटॉमी अशी कौशल्यं (पहिलं डावपेचांचं, दुसरं शरीररचनेचं; दोन्ही वाराचं नुकसान वाढवतात) हळूहळू फायदा देतात आणि १०० ला एक जादा बक्षीस टाकतात. लोकांचा घोळ बहुतेक या तिसऱ्या गटातच होतो.

७० तलवारबाजी असलेला १०० वाल्यासमोर किती मागे पडतो? फरक तर तीसच आहे.

एज ऑफ शॅडोज (२००३) नंतरच्या नियमांत वार लागण्याचं सूत्र असं: (तुमचं शस्त्रकौशल्य अधिक २०) भागिले (समोरच्याचं कौशल्य अधिक २०) याची दुप्पट. वस्तूंवरचे बोनस बाजूला ठेवू.

१०० विरुद्ध १००: १२० भागिले २४०, म्हणजे ५० टक्के.
७० विरुद्ध १००: ९० भागिले २४०, म्हणजे साडेसदतीस टक्के.
त्याच लढतीत समोरच्याचा वार तुम्हाला लागण्याची शक्यता: १२० भागिले १८०, म्हणजे जवळजवळ ६७ टक्के.

तुमचे शंभरातले ३७-३८ वार लागतात, त्याचे ६६-६७. तीस गुणांचा फरक प्रत्यक्षात पावणेदोनपट होतो, कारण तो हल्ल्यात आणि बचावात दोन्हीकडे मोजला जातो. वर ७० वर शस्त्राची पहिली विशेष चाल मिळते, पण दुसरीसाठी ९० लागतात. म्हणजे सत्तरवाल्याकडे हत्याराचं अर्धंच सामान आहे. शस्त्र हा मुख्य आधार असेल तर तिथे काटकसर करू नका.

टॅक्टिक्स आणि अ‍ॅनाटॉमी ९० वर थांबवून उरलेले वीस दुसरीकडे दिले तर?

तर शेवटचं बक्षीस हुकतं. अ‍ॅनाटॉमीमुळे होणारी नुकसानवाढ म्हणजे कौशल्याच्या निम्मे टक्के, आणि १०० ला वर ५ टक्के. त्यामुळे ९० ला ४५ टक्के, ९९.९ ला जेमतेम ५०, आणि १०० ला ५५. टॅक्टिक्समध्ये ९० ला ५६.२५ टक्के आणि १०० ला ६८.७५. लाकूडतोडीचं तर आणखी मजेशीर: कुऱ्हाड चालवणाऱ्याला या कौशल्याच्या पाचव्या हिश्शाइतके टक्के मिळतात, आणि १०० ला एकदम १० टक्के वर. म्हणजे लाकडं गोळा करणाराच कुऱ्हाडीचा खरा योद्धा ठरतो. एकाच कौशल्याचे दोन उपयोग असलेली अशी मिश्रणं शोधून काढण्यासारखी असतात.

थोडक्यात, या गटात ६० वर थांबणं समजू शकतं, पण ९५ वर थांबणं केव्हाही चूक. एक तर बक्षिसापर्यंत जा, नाहीतर आधीच उतरा.

अर्धवट ठेवून खरोखर चालतात अशी कौशल्यं कोणती?

*जादू, फक्त प्रवासासाठी.* रिकॉल हा चौथ्या वर्तुळातला, म्हणजे अवघडपणाच्या चौथ्या पायरीवरचा मंत्र. तो साधारण २३ पासून कधीमधी लागतो आणि ६३ च्या आसपास बिनचूक होतो. पण मंत्र लिहिलेल्या स्क्रोलवरून (हा पॉवर स्क्रोल नव्हे) म्हटला तर मंत्र दोन वर्तुळं सोपा धरला जातो, त्यामुळे साधारण ३५ जादू पुरते. लोहार, खाणकामगार, दर्यावर्दी यांना एवढीच जादू हवी असते. पिशवीत रिकॉलचे दहा-वीस स्क्रोल ठेवा आणि वाचलेले तीसेक गुण कामाच्या ठिकाणी घाला. मार्क मात्र सहाव्या वर्तुळातला आहे. रुन (रिकॉलचं ठिकाण लक्षात ठेवणारे दगड) मार्क करायच्या असतील तर ३५ च्या भरवशावर राहू नका, दुसऱ्या पात्राकडून करून घ्या.

*शिव्हलरी.* क्लोज वुंड्स ० ला, कॉन्सिक्रेट वेपन (शस्त्राचा संस्कार) आणि सेक्रेड जर्नी (प्रवास) १५ ला, डिव्हाइन फ्युरी २५ ला, एनिमी ऑफ वन ४५ ला उघडतं. प्रत्येक मंत्र त्याच्या किमान आकड्यापेक्षा ५० वर गेलं की खात्रीचा होतो. म्हणजे ६५ ला प्रवास आणि शस्त्राचा संस्कार दोन्ही बिनचूक. म्हणूनच इतक्या टेम्प्लेटमध्ये शिव्हलरी ६० ते ७० च्या मध्येच दिसते. टायदिंग पॉइंट (सोनं दान करून मिळणारे गुण) भरायला विसरू नका. ते संपले की कौशल्य १०० असूनही मंत्र लागत नाही, आणि नवखे लोक तासभर गुण तपासत बसतात.

*हीलिंग आणि अ‍ॅनाटॉमी.* ही जोडी आहे, एकटं हीलिंग (मलमपट्टी) नव्हे. विष उतरवायला दोन्ही ६० हवीत, मेलेल्याला उठवायला दोन्ही ८०. हीलिंग ९० आणि अ‍ॅनाटॉमी ५५ असेल तर विष उतरणारच नाही, कितीही पट्ट्या संपवा. आणि दार उघडलं म्हणजे आत जागा मिळाली असं नाही. ८० ला माणूस उठण्याची शक्यता साधारण चारात एकदा, १०० ला तिनात दोनदाच्या जवळ. गटात डॉक्टरची जबाबदारी घेणार असाल तर ८० वर थांबू नका. स्वतःपुरतं विष उतरवायचं असेल तर ८० भरपूर झाले.

लोहारकाम आणि लढाई दोन्ही एकाच पात्रावर ठेवता येईल का?

येईल, पण लोहारकाम हे अर्धवट ठेवायला सगळ्यात वाईट कौशल्य आहे. प्लेटचं छातीकवच घ्या. त्याला २५ इंगॉट (धातूच्या विटा) लागतात. ७५ च्या खाली ते बनतच नाही. ९० ला यशाची शक्यता ३० टक्के, १०० ला ५०. उत्कृष्ट दर्जाचा माल बनण्याची शक्यता या यशाच्या शक्यतेतून मोठी वजाबाकी होऊन निघते, त्यामुळे ९० च्या लोहाराला उत्कृष्ट छातीकवच जवळपास अशक्य. मालावर बनवणाऱ्याचं नाव कोरायचं तर जीएमच हवा. बिननावाचं साधं कवच बाजारात कोणी घेत नाही.

खाणकामातही तसंच आहे. रंगीत धातूंच्या पायऱ्या अशा: डल कॉपर ६५, शॅडो ७०, कॉपर ७५, ब्राँझ ८०, गोल्ड ८५, अ‍ॅगापाइट ९०, व्हेराइट ९५, व्हॅलोराइट ९९. सत्तरवर थांबलेल्याला लोखंड आणि यादीतले पहिले दोन धातू एवढंच मिळतं. महागडा माल शेवटच्या दहा गुणांत आहे.

त्यामुळे बहुतेक जाणते खेळाडू कारागिरीसाठी वेगळं पात्र ठेवतात. त्याला 'म्यूल' म्हणतात. एकाच खात्यावर एका शार्डवर (म्हणजे एका सर्व्हरवर) अनेक पात्रं ठेवता येतात, तर लढवय्याच्या ७०० मधले २०० कशाला अडवायचे? सीज पेरिलस या शार्डवर मात्र खात्याला एकच पात्र. तिथे धंदा आणि लढाई यांची तडजोड करावीच लागते, आणि तिथले लोक ओळखीच्या लोहारावर अवलंबून राहतात.

प्राण्यांना माणसाळवण्याचं काम अर्धवट ठेवलं तर?

माणसाळवायला टेमिंगचे किमान गुण असे लागतात: ड्रॅगन ९३.९, नाइटमेअर ९५.१, व्हाइट वर्म ९६.३. ऐंशीच्या टेमरकडे बऱ्यापैकी प्राणी असतात, पण ज्यांच्यासाठी लोक टेमर होतात ते नसतात. टेमिंग घेतलं तर पूर्ण घ्या. सोबत अ‍ॅनिमल लोअर आणि व्हेटरिनरी, नाहीतर मेलेला प्राणी उठवायला (दोन्ही ८०) दुसऱ्याच्या मागे फिरावं लागतं.

जुना टँक मेज आणि आजचा सम्पायर हे मिश्रणच आहे ना? मग ते इतके ताकदवान कसे?

मिश्रणच आहे, पण सरमिसळ नव्हे. जुना टँक मेज म्हणजे मंत्र म्हणणारा योद्धा: तलवारबाजी, टॅक्टिक्स, अ‍ॅनाटॉमी, मॅजरी (वर जिला जादू म्हटलं ती), इव्हॅल्युएटिंग इंटेलिजन्स (मंत्रांचं नुकसान वाढवणारं), मेडिटेशन (माना म्हणजे मंत्रशक्ती भरून काढणारं), रेझिस्टिंग स्पेल्स. सातही जीएम, बरोबर ७००. त्याने प्रत्येक गोष्ट पूर्ण घेतली आणि सोडायच्या गोष्टी ठाम सोडल्या: ढाल नाही, हीलिंग नाही. गुणधर्मांचा हिशोबही तसाच. एकूण मर्यादा २२५, त्यात ताकद १००, चपळाई २५, बुद्धी १००. चपळाई इतकी कमी का परवडली? कारण हातात हॅलबर्ड होता, जड आणि मुळातच संथ. त्याचा एक वार आणि त्यामागून मंत्र एवढ्यात काम होत असे.

सम्पायर म्हणजे सामुराई अधिक व्हॅम्पायर. ७२० मध्ये बसणारी एक वाटणी:

तलवारबाजी १२०
पॅरी (वार अडवणं) १२०
बुशिडो (सामुराईची विद्या) १२०
टॅक्टिक्स १००
नेक्रोमन्सी ९९
अ‍ॅनाटॉमी ९१
शिव्हलरी ७०

यात प्रत्येक आकड्याला कारण आहे. नेक्रोमन्सी (मृतांची जादू) ९९ कारण व्हॅम्पायरचं रूप देणारा व्हॅम्पायरिक एम्ब्रेस मंत्र ९९ ला उघडतो, त्याआधी नाही आणि त्यापुढे गरज नाही. बुशिडो असल्यामुळे ढालीशिवाय, दोन्ही हातांच्या शस्त्रानेही पॅरी चांगली लागते. शिव्हलरी ७० वर शस्त्राचा संस्कार बिनचूक, एनिमी ऑफ वन मात्र निम्म्या वेळा फसतं, ते सहन करायचं. अ‍ॅनाटॉमी ९१ वर ठेवून अंगठीवरून ९ घेतले की १०० चं बक्षीस मिळतं. आणखी एक लपलेला फायदा: शस्त्रकौशल्य, पॅरी, बुशिडो, निन्जित्सु, लाकूडतोड, स्टेल्थ, पॉइझनिंग अशा ठरावीक कौशल्यांची बेरीज २०० झाली की विशेष चालींचा माना ५ ने कमी होतो, ३०० झाली की १० ने. इथे बेरीज ३६० आहे.

एक सावधगिरी. या रूपात आगीपासूनचा बचाव २५ ने घटतो आणि लसूण लागणारे मंत्र म्हटले की इजा होते. आधी चिलखत आगीच्या बाजूने भक्कम करा, मग रूप घ्या.

मिश्रणाची अशी किंमत कोणती, जी गुणांच्या यादीत दिसत नाही?

तीन गोष्टी लोक विसरतात. धातूचं चिलखत घातलं की मेडिटेशन चालत नाही, त्यामुळे जादू करणाऱ्या योद्ध्याला चामडं किंवा मेज आर्मर गुण असलेले तुकडे शोधावे लागतात. हातात शस्त्र असताना मॅजरीचे मंत्र म्हणता येत नाहीत, त्यासाठी स्पेल चॅनेलिंग असलेलं शस्त्र लागतं. आणि ताकद, चपळाई, बुद्धी तिन्ही ओढल्या जातात. एकमार्गी पात्राला साधं सामान पुरतं, मिश्र पात्राला नेमकं सामान लागतं. नव्या खेळाडूकडे सोनं नसतं, म्हणून पहिलं पात्र एकमार्गीच करा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याच्या उलट काही मिश्रणं फुकटचा नफा देतात. हातात शस्त्र नसलेल्या जादूगाराकडे अ‍ॅनाटॉमी आणि इव्हॅल्युएटिंग इंटेलिजन्स असतील, तर दोन्हींची बेरीज अधिक २० याच्या निम्म्या आकड्याने तो बचाव करतो, मर्यादा १२०. दोन्ही १०० असतील तर ११०. रेसलिंगवर (कुस्तीवर) एकही गुण न घालता.

दागिन्यांवरचे गुण ७०० मध्ये धरले जातात का?

नाही, म्हणूनच ते मोलाचे. एका अंगठीवर किंवा ब्रेसलेटवर एका कौशल्याचे सहसा १५ पर्यंत मिळतात, म्हणजे दोन्ही मिळून ३०. फक्त त्या कौशल्याची वैयक्तिक मर्यादा दागिना ओलांडू देत नाही. १०० मर्यादा असताना ९५ वर १५ ची अंगठी घातली तर ५ च लागू होतात. आणि पूर्ण टेम्प्लेट दागिन्यांवर उभी करू नका: मेल्यावर प्रेत परत मिळालं नाही तर पात्र त्या क्षणी अर्धं होतं.

कौशल्यं कुठल्या क्रमाने वाढवायची?

सगळ्यात अवघड आधी. एकूण बेरीज कमी असताना वाढ लवकर होते, बेरीज ७०० कडे सरकली की ती मंदावते. लोक उलटं करतात: पाच सोपी कौशल्यं भरून ठेवतात आणि टेमिंग शेवटी घेतात. मग शेवटचे वीस गुण महिनोन्‌महिने खातात.

सुरुवातीचे तीसेक गुण गावातल्या शिक्षकाकडून विकत घ्या. ०.१ ला एक सोन्याचं नाणं, म्हणजे तीस गुणांना ३०० नाणी. याहून स्वस्त काही नाही. पण ज्याची गरज नाही ते विकत घेऊ नका, कारण तेही बेरजेत बसतं.

कौशल्य वाढायचंच थांबलं आहे. बिघाड कुठे आहे?

बहुतेक वेळा बाणांमध्ये. कौशल्याच्या यादीत प्रत्येकासमोर वर, खाली किंवा कुलूप अशी खूण असते. बेरीज मर्यादेला भिडली की एक कौशल्य ०.१ ने वाढण्यासाठी खाली बाण असलेलं दुसरं ०.१ ने कमी व्हावं लागतं. कुठेच खाली बाण नसेल तर वाढ बंद.

याची उलट बाजू जास्त महाग पडते. जीएम लोहारकामाचा बाण चुकून खाली राहिला आणि तुम्ही वाटेत सहज कॅम्पिंग करत गेलात, तर लोहारकाम गळत राहतं. एखादं कौशल्य हव्या त्या आकड्यावर आलं की लगेच कुलूप लावा.

टेम्प्लेट चुकली. पात्र पुसून टाकायचं का?

नाही. सोलस्टोन घ्या. एका दगडात एक कौशल्य साठवता येतं आणि त्याच खात्यावरच्या दुसऱ्या पात्राला देता येतं. दोन अटी: घेणाऱ्याच्या बेरजेत जागा हवी, आणि १२० चं कौशल्य घ्यायचं तर त्या पात्राने स्वतः १२० चा स्क्रोल वापरलेला हवा. स्क्रोलची मर्यादा दगडाबरोबर जात नाही.

माणूस जात निवडली तर सगळं थोडं थोडं येतं असं ऐकलं, ते खरं का?

मोंडेन्स लेगसी (२००५) पासून मानवी पात्राला प्रत्येक कौशल्यात किमान २० असल्यासारखं वागवलं जातं. सोयीचं आहे, पण त्यावर टेम्प्लेट उभी राहत नाही. शिव्हलरीतला विष उतरवणारा क्लीन्स बाय फायर किंवा सेक्रेड जर्नी अधूनमधून लागेल, इतपत.

भारतातून खेळताना पिंग जास्त असतो. त्याचा या निवडीशी संबंध आहे का?

आहे. पुण्या-मुंबईहून अमेरिकन शार्डवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) सहज २०० मिलिसेकंदांच्या वर जातो. टँक मेजसारखं पात्र वार आणि मंत्र यांच्या वेळा जुळवण्यावर चालतं. तिथे तो उशीर थेट अंगावर येतो. खेळाडूंशी लढायचं नसेल तर टेमर, बार्ड (संगीताने काम करणारा) किंवा कारागीर निवडा. प्राण्याला एकदा हल्ल्याचा हुकूम दिला की उरलेलं काम सर्व्हरवर होतं. जपानी शार्डवर पिंग किती येतो तेही करून पाहा.

बाकीच्या गेममध्ये हेच नियम लागू होतात का?

विचार तोच, फक्त मर्यादा वेगळ्या ठिकाणी असते.

ईव्ह ऑनलाइनमध्ये (२००३) बेरजेची मर्यादाच नाही, किंमत वेळेत मोजतात. पहिल्या श्रेणीच्या कौशल्याला चौथ्या पातळीपर्यंत ४५,२५५ गुण लागतात आणि पाचव्यापर्यंत २,५६,०००. म्हणजे एकूण वेळेतला जवळपास ८२ टक्के वेळ शेवटच्या एका पातळीला जातो, आणि फायदा बहुधा आधीच्या पातळीइतकाच. तिथे पुष्कळ कौशल्यं चौथ्या पातळीवर ठेवणं शहाणपणाचं. पाचवी फक्त तिथे, जिथे ती नवं जहाज किंवा नवं उपकरण उघडते.

रुनस्केपमध्ये ९९ साठी १,३०,३४,४३१ अनुभव लागतो आणि ९२ ला त्याचा निम्मा, ६५,१७,२५३. म्हणून ९२ वर पोचलेला 'आता थोडंच राहिलं' म्हणाला की जुने लोक हसतात.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका पात्राला दोनच मुख्य धंदे घेता येतात. फायनल फँटसी १४ मध्ये एकच पात्र सगळे जॉब शिकू शकतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न वेळेचा आणि सामानाचा उरतो.

स्टार वॉर्स गॅलेक्सीजचं उदाहरण वेगळं आहे. २००३ मध्ये आला तेव्हा खेळाडूला २५० गुण मिळत आणि व्यवसायांच्या झाडांतून हव्या तेवढ्या पायऱ्या उचलता येत. पूर्ण मास्टर व्हायचं, की दोन-तीन व्यवसायांच्या फांद्या जोडायच्या, हा तिथला रोजचा वाद. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने ती पद्धत काढून नऊ ठरावीक व्यवसाय आणले, आणि बऱ्याच जुन्या खेळाडूंनी गेम सोडला. १५ डिसेंबर २०११ ला तो बंद झाला.

पैसे न भरता अल्टिमा ऑनलाइनवर हे करून पाहता येईल का?

एंडलेस जर्नी नावाचं फुकट खातं २०१८ पासून आहे. त्यावर घर बांधता येत नाही, म्हणजे कारागिराला माल साठवायला जागाच नाही. लढवय्या किंवा टेमर चालतो. आधी कागदावर सात कौशल्यं आणि प्रत्येकाचा थांबायचा आकडा लिहा, बेरीज ७०० येते का बघा, आणि मगच शिक्षकाकडे नाणी मोजा.